निळ्या फौजेची हजेरी

वसुबारसेच्या दुपारी मी स्वयंपाकघरासमोरच्या फरशीवर पालथा पडलो होतो. तोंडासमोर मोबाईल, मोबाईलसमोर पाटावर उभे केलेले मातीचे निळे शिपाई, आणि त्यांच्या मागे त्या दिवसाचं वर्तमानपत्र. पन्नाशी ओलांडलेला माणूस पालथा पडू शकतो, त्यात अवघड काही नाही. उठायचं कसं याचा विचार मात्र आधी करायला हवा होता. बायको करंज्यांचं ताट घेऊन मला ओलांडून गेली. परत येताना थांबली.

"बरं वाटतंय ना?"

"हजेरी काढतोय."

"कुणाची?"

"आक्काच्या फौजेची."

तिने ताट खाली ठेवलं आणि मला जरा उजेड मिळावा म्हणून खिडकीचा पडदा बाजूला सारला.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शिरोळला दिलेली. पूर येऊन गेल्यापासून तिने एकही रात्र आपल्या घराबाहेर काढलेली नाही. यंदा भाऊबीजेला तिला कोल्हापुरात आणायचं आणि एक रात्र तरी ठेवून घ्यायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. समजावून झालं होतं, रागावून झालं होतं, बायकोकडून सांगून झालं होतं. आता हाताशी उरले होते ते हे बोटभर उंचीचे शिपाई, आणि मोबाईलच्या पडद्यावर मोठे करून बघितले तर त्यातले निम्मे तिरळे होते.

शिपायांचं हे प्रकरण मुळात आमच्या आप्पांचं. आप्पा मोजणी खात्यात नकाशे काढायचे. दिवाळीत गल्लीतली सगळी पोरं दारात किल्ला करायची, वर मावळे मांडायची, हळीव पेरायची आणि पाच दिवस तो किल्ला बघत बसायची. आप्पांना ते पटायचं नाही. "लढाईच न्हाय तर किल्ला कशाला बांधलासा?" म्हणायचे. मग त्यांनी घरातच लढाई सुरू केली. जेवणाच्या टेबलावर पोतं अंथरायचं, त्याच्याखाली डबे घालून डोंगर करायचे, आईच्या जुन्या लुगड्याचा निळा काठ आडवा टाकून नदी करायची. आक्काची फौज निळ्या पागोट्यांची, माझी पिवळ्या. कोण किती सरकणार ते लाकडी फूटपट्टीने मोजायचं, पायदळ चार इंच, घोडदळ आठ. मेला की वाचला ते फाशाने ठरवायचं. भाऊबीजेला ओवाळून झालं की ओवाळणारी आणि ओवाळून घेणारा टेबलाच्या दोन बाजूंना जाऊन उभे राहायचे आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांची माणसं मारायचे. शेजाऱ्यांना आमच्या घरच्या भाऊबीजेचं फार कौतुक होतं, कारण त्यांना फक्त ओवाळणीपर्यंत बोलावलेलं असायचं.

शिपाई कच्च्या मातीचे. गणपती झाले की कुंभार गल्लीत उरलेली शाडूची माती मिळायची. तिचे आम्ही दोघं हातांनी शिपाई करायचो, वाळवायचो, रंगवायचो. भाजायचे मात्र नाहीत, हा आप्पांचा कायदा. टेबलाशेजारी पाण्याची बादली ठेवलेली असायची. लढाईत पडला तो शिपाई बादलीत. रात्रीत त्याचा चिखल व्हायचा आणि पुढच्या वर्षी त्याच मातीचा नवा शिपाई. भाजलेला शिपाई मेला तर कपाटात नुसती जागा अडवतो, असं आप्पांचं म्हणणं होतं.

आक्का लग्न होऊन शिरोळला गेली तेव्हा आपली फौज पत्र्याच्या पेटीत भरून घेऊन गेली. सासरच्यांना वाटलं दागिने आहेत. दरवर्षी भाऊबीजेला ती पेटी मांडीवर घेऊन एसटीने यायची. पुढे मोबाईल आले तसा आमच्यात हजेरीचा नियम आला. लढाईआधी दोघांनी आपापल्या फौजेचे फोटो एकमेकांना पाठवायचे. फोटोत आहे तो रणात, फोटोत नाही तो घरी. एकदा हजेरी पुरी झाली की त्यातला शिपाई काढता येणार नाही आणि बदलता येणार नाही. फोटोत त्या दिवसाचं वर्तमानपत्र दिसलं पाहिजे, ही अट दाजींनी घातली. दाजी म्हणजे आक्काचे यजमान. एका वर्षी मी पाठवलेला फोटो गेल्या सालचा आहे असा त्यांना संशय आला होता. संशय बरोबर होता, पण ते जाऊ दे.

मग पुराचं साल आलं. आक्का नागपंचमीला माहेरी आली होती. एक रात्र राहून जाणार होती. त्याच रात्री पाणी चढलं, रस्ते बंद झाले आणि ती आमच्याकडे अडकली. तिकडे दाजींनी म्हाताऱ्या आईला पाठीवर घेतलं, जनावरं सोडवली आणि नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडले. माणसं वाचली, जनावरं वाचली. आक्का आमच्या खिडकीत उभी राहून फोन लावत राहायची, आणि लागला की एकच विचारायची, पाणी कुठवर आलं.

पाणी उतरल्यावर मी तिला घेऊन गेलो. घरात गुडघाभर गाळ होता. तिने भांडी बघितली नाहीत, कपाट बघितलं नाही. पलंगाखालची पेटी ओढून काढली आणि तिथंच गाळात बसून उघडली. आत एकच गोळा होता. पेटीच्या आकाराचा, चिखलाचा, आणि त्यात निळे पट्टे.

"मी घरात असते तर माळ्यावर ठिवली असती," आक्का म्हणाली.

ते वाक्य मग तिच्या तोंडात बसलं. पोत्यातला गहू कुजला, लग्नातले फोटो गेले, सासूबाईंची जुनी पितळी समई गेली. प्रत्येक वस्तूच्या मागे ते यायचं. मी घरात असते तर. आम्ही म्हणायचो, अगं, असतीस तर तूही पाण्यात असतीस. ती मान डोलवायची आणि पुन्हा म्हणायची.

घर पुन्हा उभं राहिलं, रंग लागला, भिंतीवरची पाण्याची रेघ झाकली गेली. आक्का मात्र घरातून हलेना. भाऊबीजेला आम्हीच जायला लागलो. ती ओवाळायची, जेवायला घालायची, आणि मी लढाईचा विषय काढला की ताटं उचलायला उठायची. माझी पिवळी फौज मी दरवर्षी पिशवीतून शिरोळला न्यायचो आणि पिशवीतूनच परत आणायचो. जगात इतका प्रवास करून एकही लढाई न लढलेली दुसरी फौज नसेल.

यंदा दसऱ्याच्या सुमारास दाजींचा फोन आला.

"पावणं, पाऊसकाळ सरला तरी ही जिन्यावर निजतीया."

"जिन्यावर?"

"पाणी आलं तर पायाला आधी कळंल म्हणं. परवा बाजारात न्हेली, तर अर्ध्या वाटंतनं माघारी. कडी लावलीया का न्हाय बघाय पायजे म्हणाली. मी लावलीती की. तिच्या डोळ्यादेखत लावलीती." दाजी थांबले. "मला दम लागतोय आता पावणं. मी किती पळू हिच्या मागनं? तुमी कायतरी करा."

"माझं तिने कधी ऐकलंय, दाजी?"

"ऐकत न्हाय. पर तुमच्यासंगं भांडती. माझ्यासंगं भांडत बी न्हाय आता."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पिवळ्या फौजेच्या खोक्याकडे बघत बसलो. भांडायला समोर कुणीतरी लागतं. दुसऱ्या दिवशी जाऊन शाडू घेऊन आलो.

स्वतःची फौज करणं वेगळं आणि शत्रूची करणं वेगळं. आक्काच्या शिपायांची एक खूण होती. त्यांचे कान मोठे असायचे. हुकूम नीट ऐकायला यावा म्हणून, असं ती लहानपणापासून सांगायची. चिमटीत माती धरून एका झटक्यात ती कान ओढायची. मी ओढला की शिपायाचं डोकंच हातात यायचं. तसे बरेच वीर मी लढाईआधी घालवले. रंगवताना चष्मा लावला तर ब्रश दिसायचा आणि शिपाई दिसायचा नाही, काढला तर उलटं. पागोट्यांना आक्का वापरायची तशी कपड्यांची नीळ गोंदात कालवून लावली. नीळ शिपायांना लागली, तशी माझ्या कोपराला आणि बायकोच्या चादरीलाही लागली. चादरीबद्दल ती एवढंच म्हणाली, "वन्सं येणार असतील तर दुसरीपण घ्या."

अशी ती फौज वसुबारसेला पाटावर उभी राहिली आणि मी पालथा पडलो. माझी लेक इंजिनिअरिंगला आहे. तिने मोबाईलवर फोटो सरकवत सरकवत बघितले.

"पप्पा, हे ओलीस धरलेल्या लोकांचे फोटो वाटतायत. मागे पेपर वगैरे. आणि सगळे घाबरलेत."

"घाबरलेले नाहीत. डोळे तसे आलेत."

पण ओलीस हा शब्द मला एकदम पसंत पडला. फोटोंबरोबर आक्काला निरोप पाठवला, तुझी निळी फौज माझ्या ताब्यात आहे, सुटका हवी असेल तर भाऊबीजेला स्वतः हजर राहावं, अटी बोलायला एक रात्र मुक्काम करावा लागेल.

तिने बघितल्याची खूण आली. उत्तर नाही. धनत्रयोदशी गेली, उत्तर नाही. नरक चतुर्दशीला भल्या पहाटे अंगाला तेल लावून मी ओल्या हातांनी मोबाईल बघत होतो, तर बायको म्हणाली, "आधी उटणं लावा. शत्रू कुठं पळून जात नाही." मला नेमकी तीच चिंता होती. शत्रू कुठं म्हणजे कुठंच जात नव्हता. दुपारी दाजींनी गोठ्यातून हळूच फोन केला. "बघतीया. बोटानं मोठं करकरून बघतीया. बोलत काय न्हाय."

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आरती चालू असताना मोबाईल वाजला. आक्काच्या आवाजातला निरोप होता.

"कान लई बारीक केल्यात."

एवढंच. मी तो निरोप सगळ्यांना ऐकवला, देवासमोरच. थोड्या वेळाने दुसरा आला.

"डावीकडचा घोडेस्वार अंधारात हाय. त्याचं तोंड दिसंना. आनि मागच्या वळीत कोण कोण हाय तेबी कळंना. असली हजेरी मी धरत न्हाय. उजेडात काढ. मग बघू."

मग बघू. इतक्या वर्षांत लढाईबद्दल तिच्याकडून आलेले पहिले शब्द. मी रात्री बसून सगळ्यांचे कान वाढवले. वाढवले म्हणजे मातीचे छोटे चपटे तुकडे ओले करून चिकटवले. आता त्यांच्याकडे बघून असं वाटायचं की यांना हुकूम सोडाच, शिरोळला चाललेलं बोलणंही ऐकू येत असेल.

पाडव्याला सकाळी आभाळ भरून आलं होतं. लेकीने मला शिकवलं होतं की ढगातला उजेड फोटोला सगळ्यात चांगला, सावल्या पडत नाहीत. मी सगळी फौज मोठ्या परातीत उभी केली, परात डोक्याच्या वर धरून गच्चीवर नेली, कठड्यापाशी ठेवली आणि मागे पेपर लावला. पुन्हा पालथा पडलो. आणि खरंच, काय उजेड होता. एकही शिपाई तिरळा दिसत नव्हता. डावीकडच्या घोडेस्वाराला तोंड होतं, आणि ते चक्क रागीट होतं. मी फोटो पाठवले आणि तिथंच पडून राहिलो.

उत्तर लगेच आलं.

"हजेरी पुरी. उद्या सकाळच्या गाडीनं येती. मुक्काम-बिक्काम न्हाय हं, सांजच्या गाडीनं माघारी." तिच्या मागे दाजी खोकत होते. खोकल्यात आनंद ऐकू येऊ शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

चिकटवलेले कान अजून ओलसर होते, म्हणून परात वाऱ्याला राहू दिली आणि मी ही बातमी सांगायला खाली गेलो. बायकोने चहा टाकला. मी सगळं सांगितलं. लेक आंघोळ करून आली, तिला पुन्हा सगळं सांगितलं, तेव्हा दुसरा चहा झाला. सांजच्या गाडीने परत जाऊ द्यायचं नाही, त्यासाठी काय करायचं याचा खल सुरू झाला. चिवडा उघडला. मी सांगत होतो की लढाई लांबवायची, मोजायला वेळ लावायचा, आणि लेक म्हणाली, "पप्पा, पाऊस."

मला आधी ते कळलंच नाही. मग गच्चीच्या पत्र्यावर आवाज सुरू झाला.

जिना चढताना माझा गुडघा तिसऱ्या पायरीवर बोलला आणि पाचवीवर ओरडला. वर पोचलो तर परातीत पाणी साचलं होतं आणि पाणी निळं होतं. परातीऐवजी पाट नेला असता तर पाणी वाहून तरी गेलं असतं. मी परात उचलली, ती तिरपी झाली आणि निळं पाणी माझ्या सदऱ्यावर आलं. पत्र्याखाली नेऊन बघितलं. काहींचं धड उरलं होतं, काहींचे नुसते पाय. रागीट घोडेस्वाराचा घोडा आणि स्वार मिळून एक उंचवटा झाला होता. कान कुणाचेच राहिले नव्हते.

पाऊस दहा मिनिटांत थांबला. ऊन पडलं. मी परातीशेजारी बसून होतो. बायको वर आली, तिने परातीत बघितलं आणि माझ्याजवळ ओल्या फरशीवरच बसली.

पुढचे दोन तास आमच्या घरात जे चाललं त्याला उपचार म्हणतात. लेकीने केस वाळवायचं यंत्र आणलं. त्याच्या वाऱ्याने घोडेस्वार बाहेरून वाळला आणि मधोमध तडकला. मग ती म्हणाली, फोटो छापून पुठ्ठ्यावर चिकटवू. मग मी म्हणालो, बाजारातून प्लास्टिकचे आणून निळे रंगवू. नवी माती आणून करायला वेळ नव्हता आणि केले तरी उद्यापर्यंत वाळणार नव्हते.

"वन्संना फोन करा," बायको म्हणाली.

"सांगितलं तर ती येणार नाही."

"न सांगता आल्या आणि ही परात बघितली तर?"

मला ती पेटी दिसली. गाळात बसून उघडलेली. मी फोन लावला.

"काय रं?" आक्का म्हणाली. "आवाज का असा?"

"आक्का, फौज गेली."

"कुठं गेली?"

"पाण्यात."

मी बोलत सुटलो. पाऊस आला, गच्चीवर होती, परातीत होती, पाणी साचलं, दहा मिनिटंसुद्धा नव्हता.

"आनि तू कुठं हुतास?"

"खाली."

"खाली म्हंजे? गावात गेलतास?"

"नाही. घरात. चहा पीत होतो."

"घरात हुतास."

"हो."

"आनि तुझी बायकू?"

"घरातच."

"पोरगी?"

"सगळेच होतो, आक्का. सगळे घरातच होतो."

पलीकडे जनावराच्या गळ्यातली घंटा वाजत होती, ती तेवढी ऐकू येत राहिली.

"घरात असून गेली," आक्का म्हणाली. मला म्हणाली नाही. शेजारी बसलेल्या कुणाला सांगावं तसं म्हणाली. आणि फोन बंद झाला.

मी पुन्हा लावला, तिने उचलला नाही. दाजींना लावला, त्यांनीही उचलला नाही. बायकोने पाडव्याचं ओवाळायला पाट मांडला तेव्हा मी निळ्या सदऱ्यातच बसलो. ती म्हणाली, येतील. मी म्हणालो, येणार नाही. तिची फौज दुसऱ्यांदा बुडाली होती, आणि पहिल्या वेळेला निदान नदी तरी लागली होती. मी ते काम परातीत करून दाखवलं होतं.

भाऊबीजेला सकाळी मी स्टँडवर जाऊन उभा राहिलो. येणार नाही असं ती म्हणाली नव्हती, एवढ्या आधारावर. शिरोळहून एक गाडी आली. तिच्यातून माहेरवाशिणी उतरल्या, पोरं उतरली, एक सायकल उतरली. आक्का नव्हती. मी दाजींना फोन लावला, लागला नाही. दुसरी गाडी येईपर्यंत मी परत जाऊन बायकोला काय सांगायचं ते ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या गाडीतून ती सगळ्यात शेवटी उतरली. हातात छोटी पिशवी, पदराच्या टोकाला गाठ, गाठीत घराची किल्ली. ती किल्ली तिने मुठीत धरली होती. मी पाया पडलो. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"घरात बसून चार मातीची माणसं संभाळता आली न्हाईत तुला."

"नाही आली."

"च्या पीत हुतास."

"हो."

"किती कप?"

"दोन."

"बघ की," आक्का म्हणाली आणि रिक्षाकडे चालायला लागली.

घरी आल्यावर तिने आधी खिडक्या बघितल्या. मग ओवाळलं. ओवाळताना तिचं लक्ष माझ्या खांद्यावरून टेबलाकडे होतं. तिथं मी पोतं अंथरून, डोंगर करून, पिवळी फौज मांडून ठेवली होती. समोरची बाजू मोकळी होती.

"नदी कुठाय?"

लुगड्याचा निळा काठ मी मुद्दामच कपाटात ठेवून दिला होता. तिला दिसायला नको म्हणून.

"यंदा म्हटलं..."

"काय म्हटलं? नदी न्हाय तर माझी फौज उतरनार कुठनं? आन ती."

मी काठ आणून दिला. तिने तो उलगडला, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या आणि आप्पा टाकायचे तसा दोन वळणं देऊन पोत्यावर आडवा टाकला. मग म्हणाली, "आता परात आन."

मी परात आणली. ती वाकून बराच वेळ बघत राहिली. बायको आणि लेक दारात उभ्या होत्या. मी घाईघाईने बोलायला लागलो, की पुठ्ठ्याचे करता येतील, किंवा माझ्यातलेच निम्मे तू घे.

"हजेरी झाली हुती का न्हाय?" आक्का म्हणाली.

"झाली होती. पण हे आता..."

"फोटोत हाय त्यो रणात. बदलता येत न्हाय. कायदा हाय."

आणि तिने एकेक चिखलाचा गोळा उचलून नदीकाठी मांडायला सुरुवात केली. कुणाला दोन पाय होते, कुणाला अर्धं पागोटं. ती प्रत्येकाला ओळखत होती, कारण फोटो तिने बोटांनी मोठे करकरून बघितले होते.

"हा कोण?" मी तडकलेल्या उंचवट्याकडे बोट दाखवलं.

"घोडेस्वार."

"घोडा कुठला यातला?"

"खालचा अर्धा. आठ इंच जानार त्यो, सांगून ठिवते."

दुपारभर आम्ही लढलो. माझे शिपाई रंगवलेले, मिशा कोरलेले, दिसायला देखणे. तिची नुसती ढेकळं. ढेकळांनी माझी डावी बाजू जेवणाआधीच फोडली. नेहमीप्रमाणे ती नदीच्या अशा वळणावर उतरली जिथं मी कुणालाच ठेवलं नव्हतं. मग एकदा माझा फासा लागला आणि तिचा पहिला शिपाई पडला. तिने तो उचलला, बादलीपाशी गेली आणि हळूच पाण्यात सोडला. थोडा वेळ तिथंच उभी राहिली. पाण्यात निळा धूर निघावा तशी नीळ निघाली.

"ह्याचं कान मी करनार," ती म्हणाली. "तुला जमत न्हाईत."

ऊन उतरलं तसं माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे जायला लागलं. शिरोळच्या गाडीची वेळ जवळ येत होती. मी ठरल्याप्रमाणे मोजायला वेळ लावू लागलो. फूटपट्टी ठेवायची, चष्मा काढायचा, पुसायचा, घालायचा, पुन्हा ठेवायची. चार इंच तीन-तीन वेळा मोजायचे. बायकोने मध्येच फराळाची ताटं आणली, लेकीने फासा टेबलाखाली पाडला आणि तो शोधायला तिला आश्चर्यकारक वेळ लागला. आक्का सगळं बघत होती. तिच्या मुठीत किल्लीची गाठ होती.

मग तिने फोन उचलला आणि दाजींना लावला.

"कडी लावलीया का? ... परड्याकडची? ... दोनी? ... आनि पेटी माळ्यावर हाय न्हवं? ... बरं."

तिने फोन खाली ठेवला. घड्याळाकडे बघितलं. मीही बघितलं. आता रिक्षा केली तर गाडी मिळण्याजोगी होती. माझी चाल होती. मी फूटपट्टी पोत्यावर ठेवली, ती थोडी हलली, म्हणून उचलून पुन्हा ठेवली. मग चष्मा काढून पुसायला घेतला तर तो आधीच इतका पुसलेला होता की त्यावर पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आक्काने खुर्ची ओढली आणि बसली. आल्यापासून ती टेबलापाशी पहिल्यांदाच बसत होती.

"मोज," ती म्हणाली. "निवांत मोज."